दवाखान्याचा मुख्य सल्लागार

४ जानेवारी, शनिवार
संकल्प. एक, रोज पाचला उठणे. दोन, बंगाली लिपी पंधरा दिवसांत. तीन, गोरगरिबांसाठी काहीतरी भरीव.
तिसऱ्याची सोय झाली. एस्प्लनेडहून बसने दीड तासावर एका खेड्यात दर रविवारी मोफत दवाखाना असतो. अनुराधा नावाच्या नर्सबाई चालवतात. मॅनेजमेंटचा माणूस हवाच असणार. बँकेतली चौतीस वर्षं कधी कामाला यायची?
पुण्याहून सलीलचा फोन. आई जाऊन दीड वर्ष झालं, बागबाजारच्या त्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे काय करता, म्हणाला. चिरंजीव, लवकरच कळेल, म्हटलं.

५ जानेवारी, रविवार
उठलो साडेसातला. थंडी.
दवाखान्यात सत्तर पेशंट, बाक दोन. काय हे नियोजन! अनुराधादींनी मराठी म्हणून ओळख करून दिली, तर एक म्हातारी बर्गी, बर्गी म्हणून ओरडली आणि सगळे हसले. पावणेतीनशे वर्षांपूर्वी आपले घोडेस्वार इकडे लुटीला यायचे, त्यांना हे लोक बर्गी म्हणतात. दरारा टिकून आहे. म्हातारीने मग पदरातले मुरमुरे माझ्या हातावर ठेवले. खंडणी.
दीदींनी आल्या आल्या माझं बीपी घेतलं. मशीन आधी धडधाकट माणसावर तपासून घेत असाव्यात. १६८/१००. मशीन बिघडलंय, तसं सांगितलं.

८ जानेवारी, बुधवार, दुपारी १
दीदींचा फोन! जेवलात का, झोप लागते का, चक्कर येते का? आधी प्रकृतीची चौकशी, मग काम, अशी इकडची रीत असावी. कामाचं निघण्याआधीच फोन ठेवला. सल्ला मागायला संकोचल्या.

१२ जानेवारी, रविवार
पंचवार्षिक आराखडा सादर. चौदा पानं, इंग्रजीत, दोन आलेख. दीदींनी कागद एका बाजूने कोरे आहेत ना, ते पाहिलं. बारकाईने वाचणार.
मशीन अजून बिघडलेलंच. दीदींनी गोळ्या दिल्या, रोज एक. स्वयंसेवकांना मिळत असाव्यात.

१५ जानेवारी, बुधवार
एकला फोन. पुन्हा जेवण, झोप, चक्कर. आराखड्याचा विषय मी काढला. छान आहे, म्हणाल्या.

१९ जानेवारी, रविवार
दीदींनी आराखड्याच्या पुड्या बांधून बायकांना गोळ्या दिल्या. निदान घरोघरी पोचला.
सलीलने तीस तारखेचं तिकीट काढलंय. कळवलं, अशक्य. मी गेलो तर दवाखाना बसेल.

२२ जानेवारी, बुधवार
एक वाजला. फोन नाही. सव्वा. दीड. रेंज तपासली. घरात इतकी शांतता असते हे एरवी लक्षात येत नाही. वृंदा असती तर म्हणाली असती, अहो, जेवून घ्या आधी. दोनला फोन आला. दीदी एका बाळंतिणीकडे अडकल्या होत्या. मी रागावणार होतो, पण बाळ कसं आहे तेच विचारलं.

२६ जानेवारी, रविवार
अखेर जबाबदारीचं काम! लाल डब्यातली कार्डं अक्षरवार लावायची. बंगाली लिपी अर्धी झाली आहेच. एका कार्डावरचं नाव लावून लावून वाचलं. दि. गं. ब. र.
पुढचं येईना. दीदींना विचारलं. त्यांनी सरळ वाचून दाखवलं. वय सदुसष्ट. पत्नी वारली. एकटे राहतात. बीपी. दर बुधवारी एक वाजता फोन, जेवले का, गोळी घेतली का विचारणे.
लाल डबा एकट्या माणसांचा. एकोणीस कार्डं आहेत. एवढ्या गरिबांच्या दवाखान्यात माझं कार्ड कशाला, विचारलं. त्या म्हणाल्या, गावातल्या म्हाताऱ्यांकडे शेजारी बघतात हो, तुमच्याकडे कोण बघणार?
बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. फार वाईट वाटलं. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

२९ जानेवारी, बुधवार
तिकीट रद्द करायला सलीलला सांगितलं. दवाखान्याला माझी गरज आहे, असं कारण लिहिलं होतं. खोडलं. मला इथे काम आहे, एवढंच कळवलं.
बारापासून फोन समोर घेऊन बसलो. एकला वाजला. गोळी घेतली का? घेतली. खरंच घेतली होती. जेवलात का? हो, वरणभात.
फोन ठेवला आणि कुकर लावला.