डिकीतली दोन पोती

बाबा, मी जिंकले. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीने जिंकले, एवढं आधी ऐकून घ्या आणि मग हवं तेवढं तोंड वाकडं करा. रविवारी शहराबाहेरच्या माळावर ऑटोक्रॉस होती. तुम्हाला आठवत असेलच, मातीचा वळणावळणाचा रस्ता, एका वेळी एकच गाडी, जिला कमी वेळ लागेल ती पहिली. धूळ बसावी म्हणून सकाळी टँकरने पाणी मारलं होतं, ते जरा जास्तच झालं आणि वळणावळणाला चिखल झाला. माझ्या आधी तीन पोरं मागच्या चाकांच्या गाड्या घेऊन गेली. तुमच्या लाडक्या गाड्या. प्रत्येक वळणावर मागची बाजू अशी झोकात बाहेर येत होती की बघणारे शिट्ट्या मारत होते. मारोत बापडे. घड्याळाला शेपटी दिसत नाही. त्यातला एक मला म्हणाला, "ताई, तुमची गाडी भाजी आणायला बरी आहे." मी म्हटलं, "हो ना, आज जाता जाता घेऊनच जाते." दोन सेकंदांनी हरवलं त्याला. शेहेचाळिसाव्या वर्षी. नंतर बिचारा बॉनेट उघडून दाखवा म्हणाला. दाखवलं. आत काही नव्हतं, इंजिनच होतं, पण ते ज्या चाकांवर बसलं होतं तीच चाकं गाडी ओढत होती. चिखलात यापेक्षा जास्त काय लागतं?

तुम्हाला हे कधी पटलं नाही. तुमचा सगळा अभ्यास मार्केट यार्डात झालेला. गुलटेकडीच्या गॅरेजमध्ये मी शाळेतून परस्पर यायचे, आणि पावसाळ्यात दिवसातून एकदा तरी कुणीतरी धावत यायचं, टेम्पो रुतलाय म्हणून. माल उतरवून रिकामा झालेला टेम्पो गाळ्यांमागच्या चिखलात उभा असतो. ड्रायव्हर दाबतोय, मागची चाकं जागच्या जागी फिरतायत, चिखल सगळ्यांच्या अंगावर. तुम्ही शांतपणे जाता, ड्रायव्हरला खाली उतरवता आणि चार हमालांना मागच्या फळीवर उभं करता. मग स्वतः बसून क्लच असा सोडता की टेम्पो झोपेतून उठल्यासारखा हळूच बाहेर येतो. हमाल हसतायत, मी टाळ्या वाजवतेय. "वजन मागे पाहिजे," तुम्ही मला सांगता, "मग चाक जमीन धरतं." मी नऊ-दहा वर्षांची असेन. आपल्या घरात हे वाक्य पाढ्यांसारखं पाठ होतं.

मी मोठी झाले, पुढच्या चाकांच्या गाड्या सगळीकडे झाल्या, आणि आपली भांडणं सुरू झाली. तुम्ही त्यांना गाड्या मानायलाच तयार नव्हता. "ओढणाऱ्या गाडीत दम नसतो," म्हणायचात. मी म्हणायचे, "बैल गाडीच्या पुढेच असतात ना, बाबा?" तुम्ही पान्ह्यावरून नजरही न उचलता, "बैलांच्या हातात स्टिअरिंग नसतं." आणि मग तुमचं कायमचं पालुपद, की त्याच दोन चाकांनी ओझंही ओढायचं आणि वळायचंही, हे कसं जमणार? जमतं. आईने आयुष्यभर दुसरं काय केलं? शाळेत नोकरी केली, घर ओढलं, तुमच्या गॅरेजला वळण लावलं, आणि तुम्ही मागून ढकलतोय असं सगळ्यांना सांगत राहिलात. हे तेव्हा तुमच्या तोंडावर बोलले नाही. आज बोलते.

आता त्या दिवसाचं. माझी पहिली शर्यत. चोविसावं वर्ष, पगारातून घेतलेली जुनी हॅचबॅक, आणि बाकी सगळी मुलं. नातेवाईक म्हणाले, पोरीला हे काय शिकवताय. तुम्ही म्हणालात, "गाडी शिकवतोय, तुम्हालाही शिकायचंय का?" हे मी विसरलेले नाही. बुधवार पेठेतून माझ्यासाठी स्टॉपवॉच आणलंत, दुकानदाराशी घासाघीस न करता, आणि हे आईला विशेष वाटलं होतं. आणि त्याच सकाळी तुम्ही बटाट्याच्या दोन बारदानांत वाळू भरून ती माझ्या डिकीत टाकलीत. वीस-वीस किलोची. मी म्हटलं, "बाबा, ही गाडी पुढून ओढते. निघताना ती आधीच मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात. त्यात मागे आणखी वजन टाकलं तर चाकं धरणार कशी?" तुम्ही डिकी आपटलीत. "मी तीस वर्षं चिखलातून गाड्या काढतोय." संपलं. तुमच्यासारख्या मिस्त्रीने करावी अशी ती चूक नव्हती, पण तीस वर्षं टेम्पो काढणारा माणूसच ती करू शकतो.

व्हायचं तेच झालं. झेंडा पडला आणि माझी पुढची चाकं जागच्या जागी फिरत बसली. बाकीची फेरी कशीबशी पूर्ण केली, शेवटून दुसरी आले. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात. चिडलात की तुमचं वर्धेकडचं बोलणं बाहेर यायचं. "काहून दाबून राहिली एवढी? गाडी चालवून राहिली का माती उकरून राहिली?" ती मुलं हसली. मला असं वाटलं की तिथेच उतरून बसने घरी जावं. मग तुम्ही वेळांचा फळा बघायला गेलात, आणि माझी दुसरी फेरी आली.

दुसऱ्या फेरीत सुरुवात झकास झाली. पहिली दोन वळणं अशी गेली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. तिसऱ्यावर गाडीची मागची बाजू एकदम सुटली, गाडी गरकन फिरली आणि माझ्या दाराच्या बाजूने टायरच्या ढिगावर आदळली. लोकांनी ढकलत गाडी कडेला आपल्या जागी आणली. मला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तुमचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही एकच विचारलंत. "वळणात पाय उचललास?" कोणतीही गाडी असो, भर वळणात एक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढायचा नाही, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं. तुमची ही एक शिकवण दोन्ही तऱ्हेच्या गाड्यांना लागू पडते, मीही आज तीच सांगते. मी म्हटलं, "नाही." तुम्ही माझ्यासाठी पाणी आणायला गेलात. परत आल्यावर डिकी उघडलीत आणि पोत्यांकडे बघत उभे राहिलात. मग एकेक करून ती खाली उतरवलीत.

त्यानंतर तुम्ही माझ्या एकाही शर्यतीला आला नाहीत. मी विचारलं की कामं आहेत म्हणायचात. माझ्या गाडीला तर हातही लावला नाहीत, कुणा दुसऱ्याकडून करून घे म्हणालात. मला वाटलं, माणसाला लाज वाटतेय माझी. एकदा आपटली, आता हिच्याच्याने होत नाही, असं ठरवून मोकळे झालात. त्या रागावर मी किती वर्षं गाडी चालवली, बाबा! प्रत्येक कप घरी आणून तुम्हाला दिसेल असा मुद्दाम टीव्हीवर ठेवला. तुम्ही तो पुसायचात आणि परत ठेवायचात. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, तरी राग काही गेला नव्हता.

रविवारी कप घेऊन कोथरूडच्या घरी आले. आई ढोकळा करत होती. तुम्ही आणलेलं ते स्टॉपवॉच अजून चालतं, आई त्याच्यावर ढोकळ्याची वेळ लावते. तिने कप हातात घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "ते असते तर आज परत पोत्यांचं निघालं असतं." मी म्हटलं, "कुठल्या पोत्यांचं?" "अगं, त्या वाळूच्या. शेवटपर्यंत तेच काढायचे. माझ्या पोत्यांनी पोरीची गाडी फिरवली म्हणायचे, ते मागचं वजन भिरभिरलं, थोडक्यात वाचली. चार गॅरेजं फिरून विचारून आले होते त्या पुढच्या चाकांबद्दल. सगळ्यांनी सांगितलं, वजन मागे टाकणं चूकच. मी कितीदा म्हटलं, अहो, जाऊन बघा तरी एकदा, खूश होईल. तर म्हणायचे, कोणत्या तोंडाने जाऊ?" तिने स्टॉपवॉच बघितलं, वेळ झाली होती. आई झाकण काढायला वळली. मी ढोकळ्यासाठी ताटली काढली.

दोन दिवस झाले, जेवण गोड लागत नाहीये. पुढच्या चाकांबद्दल लिहिलेला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पोती चूक होती, पहिली फेरी तुमच्यामुळे गेली, आणि सगळ्यांसमोर तुम्ही मला ओरडायला नको होतं. हे सगळं खरं आहे.

पण दुसऱ्या फेरीत पोती डिकीत नव्हतीच, बाबा. तुम्ही फळा बघायला गेलात तेव्हा मी ती काढून बाभळीच्या मागे टाकली. म्हणून तर सुरुवात झकास झाली. गाडी आणून लावली ती त्याच बाभळीजवळ, आणि तुम्ही पाणी आणायला गेलात तेवढ्यात मी ती परत आत ठेवली. तुमचं ऐकलं नाही हे तुम्हाला कळू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तुम्ही त्यांच्याकडे काय म्हणून बघत होतात ते मला कळलंच नाही. किंवा कळलं असेल आणि मी कळून घेतलं नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? गाडीच्या कागदांत राहील. आईला अजून सांगितलेलं नाही, सांगायला हवं, धीर होत नाही. आणि वळणात पाय मी उचलला होता.