शकूची साक्ष

सोमवार, ९ जानेवारी १९८९

आज आलं: रबरी कापड दोन वार, सासूबाईंच्या गादीखाली, रु. २४. ग्लुकोज पावडर, रु. ९.५०. कणी तीन किलो, रु. १२. संत्री चार, रु. ५ — महाग! पण डॉक्टरांनी सांगितली. ओले बोंबील, शकू कोळणीकडून. पैसे घेतले नाहीत. "म्हातारीला कालवण घाल," म्हणाली आणि टोपली उचलून गेली. फुकट आलेलं कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून कळत नाही. जागा कोरी सोडलीय.

आईंना आता उठून बसवत नाही. डॉक्टर जिन्यात ह्यांना म्हणाले, महिना, फार तर दीड.

बुधवार, ११ जानेवारी

चर्चचे पाळकसाहेब बोरिवलीहून प्रभुभोजन घेऊन आले. स्टुलावर धुतलेलं कापड घातलं, त्यावर भाकर आणि प्याला ठेवला. आईंनी तोंड भिंतीकडे केलं!

चाळीस वर्षं मिशनची बायबलबाई म्हणून गावोगाव पायी फिरलेली ही बाई. प्याल्याला नाही म्हणाली.

साहेबांनी प्रेमानं समजावलं — तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही, विश्वास पुरे. आई म्हणाल्या, "हे मी तुमच्या जन्माच्या आधीपासून सांगत आलेय, साहेब." साहेबांचे कान लाल झाले. मग आई हळू बोलल्या. विश्वास खरा असला तर हातांना त्याची खबर लागते. त्यांच्या हातांना लागली नाही. सगळं तोंडानंच झालं. "न्यायाच्या दिवशी प्रभू विचारेल, मी भुकेला होतो, तू काय दिलंस? काय सांगू — पत्रकं?"

अपात्रपणे प्याला घेतला तर न्याय आपणच ओढवून घेतो, म्हणून नको. साहेब प्रार्थना करून गेले. भाकर तशीच परत गेली.

त्या अशाच गेल्या तर? मरणाची भीती त्यांना कधीच नव्हती. भीती त्याच्या पुढची आहे.

शुक्रवार, १३ जानेवारी

आई काही खाईनात. संत्री सुकली. खर्च नाही.

रविवार, १५ जानेवारी

उपासनेला हे एकटेच गेले. मी घरी वही पुरी केली. किर्दीत जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. न्यायाच्या दिवशी मेंढरं, म्हणजे भुकेल्याला दिलं ते, उजवीकडे, शेरडं डावीकडे. म्हणजे देवाच्या उजव्या हाताला जे खर्च झाले ते? मोठं सुचलं असं वाटून ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तो समोर बसणार, त्याचं उजवं ते आपलं डावं, आधी ते बघ. मी वही मिटली.

आईंना ऐकू गेलं असावं. ओठ जरा हलले. हसल्या की कण्हल्या, समजलं नाही.

गुरुवार, १९ जानेवारी

शकू दारात. आईंची हाक आतून ऐकू येत होती — "माझ्या बाजूनं कोण उभं राहील?" सारखं तेच चाललंय. शकूनं विचारलं, म्हातारी कुणाला बोलवते? मी घाईत होते. म्हटलं, त्यांना न्यायाची काळजी लागलीय. आणि शनिवारी संध्याकाळी मासळी नको, घरी प्रार्थनासभा आहे, लोक साक्ष द्यायला येणार आहेत.

शकूनं टोपली खाली ठेवली. "साक्ष? या वयात म्हातारीवर केस टाकलीन? कोनी?"

मी समजावू लागले, पण तेवढ्यात दूध उतू गेलं. परत आले तर शकू निघून गेलेली. आमच्या सभेत साक्ष देणं म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. तिला ठाण्याचं कोर्ट तेवढं माहीत. जागेच्या दाव्यात तिच्या नवऱ्यानं तिथे वर्षं घालवली.

शनिवार, २१ जानेवारी

चहापत्ती, साखर, पारले — रु. १४. बिस्किटं उरली, डब्यात भरली.

सभा आईंच्या खोलीतच झाली. पाळकसाहेब, मंडळीतले सातआठ जण. गाणं झालं. साहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? दारातून आवाज आला, "मना द्यायची हाय."

शकू! हिरवं ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. आत येऊन पलंगाशी उभी राहिली आणि कोर्टात करतात तसा उजवा हात वर केला. कुणी हसलं नाही.

"ही म्हातारी बायबलबाय आमच्या शेजाराला राहायची, पल्याड, भाईंदर गावात. माजं मानूस बोटीवर होता. मना मुदतीचा ताप आला. सख्खी जाव दारात न्हाय उभी राहली. हिनं रोजच्याला पेजेचा डबा धाडला, सुनेच्या हातानं. त्या पेजेवर मी जगली. ज्यानं कोनी हिच्यावर केस टाकलीन, त्याला सांगा. खोटं बोलीन त दर्या मना घेऊन जावो." मग साहेबांकडे वळून, "अंगठा कुठं करू?"

आई डोळे उघडून तिच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी? कधी गं?"

साहेब पुढे झाले. उजवीकडचे लोकही प्रभूला हेच विचारतात, म्हणाले — आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं? त्यांना आठवतच नाही. सगळे आमेन म्हणाले.

मी म्हटलं नाही.

रविवार, २२ जानेवारी

आई रात्रभर झोपल्या. सकाळी पेज मागितली, वाटीभर संपवली.

पण डबा मी नेत होते. आईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण नव्या सुनेनं "मी दिलं" म्हणायचं नसतं. घरातली चमचाभर साखरही सासूच्या नावानं बाहेर जाते. म्हणून शकूच्या उशाशी डबा ठेवताना रोज म्हणायची, "आईंनी पाठवलंय." ती तेच धरून बसली. बिचारीनं खोटी शपथ घेतली, ती माझ्यामुळे.

बोलले तर आईंची झोप जाईल, शिवाय माझा मोठेपणा. न बोलले तर खोटी साक्ष पचवली. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तुला कुणी विचारलंय का?" नाही. "मग विचारेपर्यंत गप्प बस."

मंगळवार, २४ जानेवारी

विचारलंच.

मी पाठ पुसत होते. आई म्हणाल्या, शकूला ताप आला ते तुझ्या लग्नाचंच साल ना? मी हो म्हटलं. पावसाळा सरत आला होता? हो.

"तेव्हा मी डहाणूच्या फिरतीवर होते, आशा. दिवाळीला परतले."

म्हटलं, हो आई. "मग तू." हो. "आणि नाव माझं?" मी म्हटलं, सून दुसऱ्या कुणाच्या नावानं देणार?

त्यांनी डोळे मिटले. तोंड पुन्हा भिंतीकडे. मी काय करून बसले!

बुधवार, २५ जानेवारी

तोंड भिंतीकडेच. पेज नको. शकू बोंबील देऊन गेली, तिला काही सांगितलं नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी

पहाटे आईंनी हाक मारली. तोंड माझ्याकडे होतं.

"केलं तू, पिकलं माझ्या नावावर. मला पत्ताही नाही." मग हसल्या, दात नसलेलं, मोठ्यानं! "गावोगाव दुसरं काय सांगत फिरले गं मी? केलं प्रभूनं, जमा आपल्या नावावर, हीच कृपा. बायांना सांगितलं. स्वतः एकदाही घेतलं नाही."

चहा अर्धा कप घेतला. माझा हात धरून म्हणाल्या, तुझ्या हातांना खबर लागली होती, ती कुठून लागली, ते आता मला विचारू नकोस. मग म्हणाल्या, कार्ड आण.

पोस्टकार्ड, १५ पैसे. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, इथे उतरवून ठेवते:

"पाळकसाहेबांस प्रभूत सलाम. शकूची साक्ष माझ्याविषयी खरी नव्हती, आपला आमेन चुकला. तरी मी प्याला घेणार आहे, आणि म्हणूनच घेणार आहे. समक्ष सांगेन. त्या वेळी शकूला आणि माझ्या सुनेला दोन्ही बाजूंना बसू द्यावे. दिवस थोडे आहेत. कधी येता ते उलट टपाली कळवावे."