तिच्या अल्बममधला तुझा धवला

आये, तुझ्याकडे गाणी शिकलेल्या त्या लाडक्या पोरीचा नवा अल्बम आलाय. आठ गाणी आहेत. ब्लाउजांना हूक लावता लावता मी आठही ऐकली, एकेक तीन-तीनदा, आणि डोकं असं फिरलं की काल एका बाईची डावी बाही उजवीकडे जोडून बसले. शहापुरात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर हेच वाजतंय. समोरचा झेरॉक्सवाला म्हणतो, ताई, आपल्या भागाचं नाव काढलं तिनं. काढलं असेल. पण मी तिची आजकालची चाहती नाही. ती ऑर्केस्ट्रात कोरसला उभी राहायची तेव्हापासून मी तिच्यामागे टेम्पोत बसून गावोगाव गेले आहे. तिचा पहिला स्टेजचा ब्लाउज मी शिवला, लाल, बाहीला जर. तिचा घसा बसला त्या वर्षी मी मंगळवार धरले होते, हे तुला पण सांगितलं नव्हतं. तेव्हा मी तिला नावं ठेवली तर चालेल, आणि ती कुणासमोर ठेवावीत असं तुझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही.

पहिलं गाणं वाळवंटातलं आहे. नऊवारी, काळा चष्मा आणि उंट. कशाला, ते विचारू नकोस. दुसऱ्यात एक मुलगा मध्येच हिंदीतून भराभर बडबडून जातो आणि ही त्याच्या मागे नुसती हं हं करते. म्हसा गावच्या जत्रेत माईक बंद पडला तरी पाळण्यापर्यंत जिचा आवाज पोचायचा, तिनं हं हं करावं? तिसरं भातलावणीचं. त्याच्या व्हिडिओत ती चिखलात रोपं लावत पुढे पुढे चालत येते. आपण लावताना मागे सरतो ना गो. ही पुढे येते आणि आत्ता लावलेलं आपल्याच पायाखाली तुडवते. उंबरमाळीकडची पोर, हिच्या बापाचं खाचर मी पाहिलंय. कॅमेरावाल्यानं सांगितलं असेल, मॅडम, पुढे या. आणि ही आली. चौथं मला आठवतसुद्धा नाही, आणि सहावं, सातवं, आठवं म्हणजे चौथंच आहे.

पाचवं तुझं आहे. तू लग्नात हळदीला म्हणायचीस तो धवला. खाली 'पारंपरिक' असं लिहिलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तू पण तेच म्हणाली असतीस, की धवले काय कुणाच्या घरचे नसतात. ढोल घातलेत, तेही सोडून देते. पण आये, तिनं नावांच्या जागी काय केलंय ते ऐक.

धवलारीण म्हणून बोलावणं आलं की तू हळदीच्या आदल्या दिवशीच त्या लग्नघरी जायचीस. मी लहानपणी तुझ्याबरोबर असायचे. ओटीवर बसायची नाहीस, थेट चुलीपाशी. कोरा चहा यायचा, आणि मग तू घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारायचीस, तुमच्यातली कोण कोण गेली? ती आठवून आठवून सांगायची आणि प्रत्येक नावाला तू पदराला एक गाठ मारायचीस, कारण तुला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मांडवात धवला नावांच्या जागेवर आला की तू एकेक गाठ सोडतेस, एकेक नाव घेतेस, या गो या, तुमच्या पोरीची हळद आहे, आणि मांडवातल्या बाया तोंडाला पदर लावतात. शेवटची गाठ सुटली की मगच पुढचं कडवं. कुणी टेप काढला की तू गप्प बसायचीस. मेलेल्यांना एकदा बोलवायचं, त्यांना सारखं सारखं उठवायचं नाय, असं म्हणायचीस.

सापगावाकडचं ते लग्न तुला आठवत असेल. नवऱ्या मुलाची खरी आई विहिरीत गेलेली, बापानं दुसरी केलेली, आणि त्या घरात पहिलीचं नाव काढायची बंदी. आदल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. तू चप्पल घालत होतीस तेव्हा एक म्हातारी मागच्या दारानं आली आणि तुझ्या कानात बोलून गेली. दुसऱ्या दिवशी सगळी नावं झाली आणि पदराला एक गाठ उरली. तू ती सोडलीस. बाप खुर्चीवरून उठला, आणि हळदीनं माखलेला तो एवढा मोठा मुलगा पाटावर बसून हुंदके देऊन रडला. तू थांबली नाहीस. आणि तुझ्या पाठीमागे झील धरायला कोण होतं? हीच होती. मी कोपऱ्यात घाबरून बसलेले आणि ही न चुकता तुझ्यामागे गात होती. तिनं ते सगळं पाहिलंय, म्हणून माझा राग जात नाही. दुसरी कुणी असती तर अडाणी म्हणून सोडून दिली असती.

कारण त्या जागी, जिथे तू गेलेल्यांना बोलवायचीस, तिथे तिनं स्वतःचं नाव घातलंय. हल्ली सगळे गायक गाण्यात मध्येच आपलं नाव घेतात, म्हणजे माल कुणाचा ते ऐकणाऱ्याला कळावं. तसं. या गो या, आणि मग तिचं नाव, ढोलावर, चार वेळा. जिवंत बाई मेलेल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि तिला पत्ता नाही. पोरं त्याच जागेवर हात वर करून नाचतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मशीनवरचा पाय थांबला, आणि मी खरंच दारात जाऊन थुंकून आले.

ती तुझ्याकडे दोन पावसाळे येत होती. आपल्या गावात तिच्या मावशीकडे राहायची. सकाळी भाकऱ्या आटोपल्या की ही चुलीपुढे येऊन बसे, तुला वाल सोलून देई आणि तू एकेक ओळ देत जायचीस. मी शाळेतून आले की तुमचं दोघींचं चाललेलं असायचं. मला वाईट वाटायला काही जागाच नव्हती, कारण त्याआधी तू मला शिकायला बसवलं होतंस. मी म्हणाले होते, आमी शिकलेल्या, आमी नाय मांडवात बसून ही रडगाणी गाणार. तू रागावली नाहीस. ताटात भात वाढलास आणि महिनाभर गाण्याचं नाव काढलं नाहीस. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा मला शिलाई मशीन घेऊन दिलीस, आणि मी एकदा रुसून विचारलं, तिला एवढं दिलंस, मला काय? तेव्हा म्हणालीस, "तुला मशीन दिली, तिला गाणी दिली. दोघी आपापली पोटं भरा." तू सतरा वर्षांपूर्वी गेलीस. ती दिवसकार्याला आली नाही. कुठे तरी कार्यक्रम होता.

हे सगळं आज लिहायचं कारण तुझी नात. तिची हळद येत्या रविवारी आहे. धवलारीण आता सापडत नाही. मुरबाडकडची एक होती, ती येते, पाट मांडते, आणि धवला मोबाईलवर लावते. नात म्हणाली, "आई, आपण डीजेवर तेच लावू. आजीचंच ना ते?" मी कात्री आपटली. ते गाणं लागलं तर मी मांडवात पाय ठेवणार नाही, असं तोडून टाकलं. पोरगी तुझ्यावर गेलीय. शांतपणे म्हणाली, "मग तू म्हण." आणि आत निघून गेली.

मी म्हणायला बसले, आये. पहिलं कडवं आलं. दुसऱ्यातल्या दोन ओळी आल्या. पुढे काही नाही. तुझ्या मांडीवर झोपून ऐकलेलं, आणि काही नाही. तुझ्या नावाची जागा तिसऱ्या कडव्यानंतर येते आणि मी तिथवर पोचतच नव्हते. पोरीच्या हळदीला तिच्या आजीला बोलवायचं कुणी? तिच्या त्या ढोलावरच्या बाईनं?

मग मी काय केलं ते सांगते. चार दिवस दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मोबाईल मशीनला टेकवून ठेवला. पाचवं गाणं लावायचं, थांबवायचं, मापांच्या वहीत एक ओळ लिहायची, पुन्हा लावायचं. सगळं उतरवलं. एक शब्द तिनं गाळला नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिसऱ्या कडव्यात आवाज जिथे खाली उतरतो तिथे तर मला काम सोडून बसून राहावं लागलं. आता पाठ झालंय. रविवारी मी म्हणणार आहे, डीजे बंद ठेवून, मला लाज वाटली तरी.

हे कागद मी कुठे पाठवणार नाही. तिला पाठवावेत असं एकदा वाटलं, पण शेवटची गोष्ट तिला कळू नये असं वाटतं. चार दिवस मी डोळे मिटून तुला आठवायला बघतेय. तुझे हात दिसतात, कपाळावरचं गोंदण दिसतं, तू तोंड उघडतेस, आणि आवाज तिचा येतो. तुझा कसा होता ते मला आठवत नाही.