वरचा बोल्ट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

गिअर मी खाल्ले म्हणे!

सकाळी व्हॅन काढताना दुसरा गिअर पडेना. नुसतं कर्र कर्र. पप्पा ओट्यावर चहा पीत होते, समोर कमलबाई काकू मिरची पसरत होत्या. त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात पप्पा म्हणाले, "हाई पोरगी क्लचवर पाय ठी ऱ्हास. समदा गिअर खाई गयी." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. आतापर्यंत अख्ख्या कोरीट गावाला कळलं असेल.

एस.टी.त तीस वर्षं ड्रायव्हर, एक अपघात नाही — मान्य. पण मला शिकवलं कोणी? याच माणसाने! क्लचवर पाय राहिला की गुडघ्यावर चापट मारायचे. आता सांगतात मी पाय ठेवते.

दिवाळीआधी हीच व्हॅन लोण्यासारखी चालायची. मी आठ दिवस नाशिकला ट्रेनिंगला गेले, परत आले, आणि तेव्हापासून गिअर जड. तीन महिने रोज तेच ऐकते आहे — काजलने गाडीची वाट लावली.

जेवताना आणखी एक. रविवारी प्रकाशा गावाहून भरत येणार, व्हॅन कायमची घेऊन जाणार. भरत म्हणजे माझा मावसभाऊ. मला विचारलं नाही, सांगितलं. मी ताटावरून उठले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

व्हॅन गेली तर मी करू काय? माझं आरोग्य उपकेंद्र अक्कलकुव्याच्याही पुढे, डोंगरात. बस साडेनऊला अक्कलकुव्यात सोडते. तिथली जीप भरल्याशिवाय हलत नाही. केंद्र उघडायला अकरा वाजतात. तोवर सात-आठ महिन्यांच्या गरोदर बाया दोन-दोन तास चालत येऊन परत निघालेल्या असतात.

उशिराच्या दोन नोटिसा आल्यात. दोन्ही वेळा व्हॅनच अडली होती. मी कंत्राटी नर्स. तिसरी नोटीस आली की मार्चनंतर घरी बसायचं. हे पप्पांना माहीत आहे! तरी भरतला बोलावलं.

दुपारी वाहिदभाईंना फोन केला. नंदुरबारचे मिस्त्री, आमची गाडी तेच बघतात. त्यांच्या घरी पुतणीचं लग्न आहे, पंधरा दिवस गॅरेज बंद. म्हणाले, गिअरचं तेल बदलून बघ, घरीही होतं. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. खालच्यातून जुनं तेल काढायचं, वरच्यातून नवं भरायचं. पण आधी वरचा सोडवून बघायचा. तो निघाला तरच खालच्याला हात लावायचा. मी कागदावर लिहून घेतलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

तेलाचा डबा आणला, पाना आणला. पप्पांनी डबा पाहिला आणि चेहराच पडला त्यांचा. मग सुरू — गाडीखाली झोपणं हे डेपोतल्या मिस्त्रीचं काम, ड्रायव्हरने वहीत तक्रार लिहायची आणि चावी द्यायची. तीस वर्षांत गाडीखाली वाकून पाहिलं नाही, त्याचाही केवढा अभिमान!

६ फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. व्हॅन आधी फाट्यापर्यंत फिरवून आणली, तेल गरम असलं की नीट उतरतं. मग शेतात नेली. आपल्याकडे कुठला आलाय गॅरेजसारखा खड्डा? पाण्याची चारी कोरडी होती, तिच्या दोन्ही काठांवर दोन्हीकडची चाकं घेतली, चाकांना दगड लावले आणि चारीत उताणी झोपले. वर गिअरबॉक्स, हाताच्या अंतरावर. स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात पप्पा बांधावर आले. शेजारच्या वाहरूबाबांना म्हणतात, नर्सबाई आता गाडीले इंजेक्शन देई. दोघं हसले. माझं डोकं फिरलं. हाताला आधी खालचा बोल्ट लागला. लावला पाना, मारला झटका — सुटला! काळं, पातळ तेल भळाभळा घमेल्यात. मग वरच्याकडे वळले.

निघेना! त्याच्या कडा गुळगुळीत, पाना नुसता गरागरा फिरतो. अर्धा तास झगडले. बोटाची साल निघाली. डोळ्यांत माती, वाऱ्यावर खळ्यातल्या मिरचीचा ठसका. कागद माझ्याच खिशात होता, त्यावर माझ्याच अक्षरात — वरचा आधी. मूर्ख! आता गाडीतलं तेल गेलं आणि नवं भरायला वाटच नाही. जागची हलवता येणार नाही.

काळे हात घेऊन घरी आले. कोणाशी एक शब्द बोलले नाही. पप्पा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "वरना निंघना नही ना?"

वरचा निघाला नाही ना, म्हणे. वर टोमणा! दार आपटून आत गेले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बस. जीप. सव्वाअकरा. साहेब आज आले नव्हते म्हणून वाचले. एक बाई वाट बघून परत गेली होती, पायांवर सूज असलेली. तिचं बीपी मला आजच बघायचं होतं.

संध्याकाळी वाहिदभाईंच्या लग्नघरी गेले. हळद चालू होती, तरी बाजूला येऊन फोनवरचा फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. म्हणाले, "काजल, हाई तुन्हा काम नही. बोल्टवर जुना घाव शे, गंज चढेल शे." म्हणजे कडा माझ्या पान्याने गेल्या नव्हत्या. तेल किती निघालं विचारलं. पाऊण लिटर. निघायला हवं होतं सव्वाच्या वर. म्हणजे आधी कोणीतरी खालचा सोडला, वरचा निघेना म्हणून घाबरला, उरलं तेवढ्या तेलावर बंद करून मोकळा झाला. अर्ध्या तेलावर गाडी पळत राहिली.

कोण तो? ज्याने ही जुनी व्हॅन आम्हाला विकली तो असणार, दुसरं कोण! तीन महिने मी बोलणी खाल्ली, दोन नोटिसा खाल्ल्या, त्या माणसाच्या पायी. समोर आला तर सोडणार नाही.

वाहिदभाईंनी उपाय सांगितला, नवा बोल्ट दिला, वर जिलबीचा पुडा दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

निघाला!! एक नंबर लहान पाना हातोडीने ठोकून बोल्टवर बसवला, दांड्याला पाण्याच्या पाईपचा तुकडा घातला आणि लटकले. कट्ट झालं. वाटलं तुटला. पण फिरला होता.

नवं तेल भरायला पंप कुठून आणू? मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणली, पुढे नळी लावली. सव्वीस वेळा भरून दाबलं, तेव्हा वरच्या भोकातून तेल ओघळलं. ओघळलं की पुरे, असं वाहिदभाई म्हणाले होते. वाहरूबाबा बघत होते. पप्पांचंच म्हणणं खरं ठरलं, इंजेक्शनच दिलं!

फाट्यापर्यंत चालवली. दुसरा गिअर अजून किंचित कुरकुरतो, झीज झाली ती झाली. बाकी लोणी. पप्पांना म्हटलं, चला, एक चक्कर मारून बघा. नाही आले. भरतला शब्द दिलाय म्हणे, गाडी जाणार. गाडी चांगली झाली तरी जाणार! यांना झालंय तरी काय? मी एवढं करून फुकट? रडले. रागानेच.

९ फेब्रुवारी, रविवार

उरलेलं तेल ठेवायला सकाळी गोठ्यात गेले. ढेपेच्या पोत्यामागे खाकी गठुडं. पप्पांचा एस.टी.चा शर्ट, पाठीला चारीतली माती, दोन्ही बाह्या तेलाने काळ्या. त्यात गुंडाळलेला तेलाचा डबा. माझ्याच डब्यासारखा, सील न फोडलेला. पॅकिंग ऑक्टोबर २०२४. मी नाशिकला होते तेव्हाचा.

भरत ओट्यावर बसला होता, पप्पा त्याला सांगत होते, पोरगीने गिअर खाल्ले. मी डबा आणि शर्ट दोघांच्या मधे ठेवला. पप्पांनी डबा परत शर्टात गुंडाळला. मग म्हणाले, "भरत, चहा पी अन् जाय. गाडी देवानी नही."

दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी स्वतःच आले, चुलीपाशी बसले.

"तू येवाना आत करी ठेवसू म्हनं. मी बी खालनाच पहिले खोला," म्हणाले. मी नाशिकहून यायच्या आत तेल बदलून ठेवायचं होतं त्यांना. मग हळूच, "तुन्हा वरना कसा निंघना?"

तीन महिन्यांचं सगळं काढायचं होतं मला. काकूंचं हसणं, दोन्ही नोटिसा, सगळं. ते उद्या काढीन. आज पाना आणला आणि दाखवत बसले, एक नंबर लहान कसा ठोकायचा ते.