थकलेल्या पाट्यांची गाडी

मुगभाट, गिरगाव
१२ फेब्रुवारी १९५९

ती. दादास,

नाही, विकणार नाही! आणि तू मोंबासात बसून 'ताबडतोब विका' असा हुकूम सोडलास म्हणून तर मुळीच नाही. साष्टांग नमस्कार राहिला, तो घे. पण ओरडतोय मी, एवढं आधी ऐकून घे.

इथे सगळं ठीक. म्हणजे ठीक असं लिहायची पद्धत आहे. आईचे गुडघे दुखतात. माझी नवी कथा मासिकाने परत पाठवली, संपादकाने शेरा मारलाय, 'कथानक आढळले नाही.' संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा चालूच आहेत. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर 'मुंबईसह' लिहिलंय, आपल्या जिन्यातसुद्धा. आई म्हणते, चुना लावायचा खर्च वाचला.

आता गाडीबद्दल लिहितो. दोन दिवस तेच लिहायला बसतोय आणि उठतोय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मीच ते मोठ्याने वाचलं, नेहमीसारखं. 'कारखाना विकावा. उर्मिलेस माहेरी धाडावे. मेमध्ये बोटीने येऊन सह्या करतो. इथले माझे घर आता वाढले आहे, मुलगा चालू लागला.' मुलगा! आम्हाला बाईचंसुद्धा माहीत नव्हतं, दादा, आणि तू एकदम मुलगा चालवलास. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. वहिनीने पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली आणि म्हणाली, "भावजी, उद्यापासून कॉलेजच्या लायब्ररीत जाऊ नका. गाडी बघायला जायचंय."

मला वाटलं, हिला धक्क्याने काही झालं.

तसं नव्हतं. कारखान्याला गाडी हवी, हे ती वर्षभर म्हणत होती. हरताळ असला की हातगाडीवाले येत नाहीत. कसे येतील? तेच पुढे घोषणा देत असतात. मग प्रभादेवीच्या कारखान्यात फरशीच्या लाद्या पडून राहतात आणि शिवाजी पार्कला बिल्डिंगवाला बोंब मारतो. त्याने गेल्याच महिन्यात सांगून टाकलं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरीकडून घेईन. तेवढं एकच मोठं काम आहे आपल्याकडे. ते गेलं की तुला विकायला कारखाना उरणारच नाही. नुसती पत्र्याची शेड, दोन दाबयंत्रं आणि गुणाजी.

तर आम्ही तिघं निघालो. वहिनी, मी आणि गुणाजी. गुणाजी आता म्हातारा झालाय, पण लादी अजून तोच दाबतो. त्याचं गाडीबद्दलचं मत ठाम होतं: गाडी घेऊच नये, आणखी दोन हातगाड्या घ्याव्यात. तरी आला, कारण लाद्या दुसऱ्या कोणी उचललेल्या त्याला चालत नाहीत.

हो, लाद्या बरोबर घेतल्या होत्या. वहिनीची परीक्षाच तशी होती. गाडी कुठलीही असो, तिच्यात पेंढा घालायचा, लाद्या काठावर उभ्या लावायच्या आणि परळच्या नाक्यावर ट्रामचे रूळ ओलांडून परत यायचं. मग उतरून कोपरे बघायचे. लादीचा एक कोपरा उडाला तरी बिल्डिंगवाला परत पाठवतो.

पहिली गाडी तीनचाकी. नवीकोरी, चकचकीत, तोंड बेडकासारखं. विकणारा सुटाबुटात. "मॅडम, अगदी लेडीज लोकांनासुद्धा जमेल." वहिनी म्हणाली, "हो का? मग तुम्ही मागे बसा." पुढचं एकटं चाक रुळाच्या खाचेत गेलं, गाडीने मान टाकली, आणि मागून गुणाजी ओरडला, "वैनी, हळू! लाद्यो रवल्यो बाजूक, माजी हाडां मोडतली!"  सूटवाल्याने पेंढा धरून ठेवला होता.

दुसरी डिस्पोजलमधली, लष्कराने काढून टाकलेली. तिला काही होत नाही, पण तिच्यात बसलेल्याला सगळं होतं. स्प्रिंगचे पाटे इतके कडक, की सरळ रस्त्यावरच कोपरे उडाले.

तिसरी कोंडीरामची.

कोंडीराम म्हणजे लालबागचा गॅरेजवाला. मिशा पिकलेल्या, लष्करात ड्रायव्हर होता. जुन्या गाड्या घेतो, नीट करतो, विकतो. त्याच्याकडे एक छोटी पिकअप होती, रंग उडालेला, फळीवर 'झालाच पाहिजे' एवढीच अक्षरं शिल्लक. बाकीची पुसली गेली होती. कोंडीराम म्हणाला, "सत्तावनच्या इलेक्शनला समितीचा कर्णा होता हिच्यावर. हिला घोषणा तोंडपाठ हायत, बाई. पन खरं सांगतो, पाटे थकलेत. दोन दिस द्या, नवे घालतो."

वहिनी स्टिअरिंगवर बसली. तिला गाडी कोणी शिकवली, आठवतं? बाबांच्या मोटारीवर, लग्नाच्या पहिल्या वर्षी, चौपाटीच्या रस्त्यावर. तूच. मी मागे बसून भेळ खात होतो.

रूळ ओलांडले. गाडी झोपाळ्यासारखी हलली. परत आलो, गुणाजीने एकेक लादी उचलून उन्हात धरली. एकही कोपरा उडालेला नाही. त्याचं तोंड इतकं पडलं, की मला हसू आलं. हातगाड्या गेल्या त्याच्या.

"पाट्यांना हात लावायचा नाही," वहिनी म्हणाली.

कोंडीराम चक्रावला. "अवो, त्यो दोष हाय त्यातला!"

"तोच हवाय मला. थकलेत म्हणून तर मऊ आहेत. माणसं बसवायची नाहीत, लाद्या न्यायच्या आहेत."

तो हसला. "बाई, तुम्ही माझ्याकडं नोकरीलाच या." मग टेबलावर चहा आला, आणि कागद आला, आणि कागद आला की जे व्हायचं तेच झालं.

"गाडी कारखान्याच्या नावावर व्हनार. कारखाना कुनाच्या नावावर?"

तुझ्या. बाबांनी जाताना थोरला म्हणून तुझ्या नावावर केला. मी लेखक होणार होतो, मला काय करायचाय! आणि वहिनी? बाबांच्या डोक्यात तरी आलं असेल का? तू गेल्यापासून पाच वर्षं लाद्या तिने काढल्या, गिऱ्हाइकं तिने सांभाळली, नाव तुझं.

"मग त्यांची सही लागंल," कोंडीराम म्हणाला. "मला नावं नका ठेवू, बाई. एकदा एकीला दिली गाडी. मागनं नवरा आला, म्हनला बाईमानसाला कोनी इकली? गाडी पन गेली, अब्रू पन. मालक कुठं असतात?"

मी तोंड उघडलं होतं. 'परदेशात' म्हणणार होतो. तेवढ्यात वहिनी म्हणाली,

"मालक वारले."

दादा, ती 'वारले' म्हणाली.

मी कथांमध्ये माणसं मारतो. एका कथेत तर निवेदकच पहिल्या ओळीत मरतो. मला वाटायचं, मी भयंकर काहीतरी लिहितोय. तिने ते दोन शब्दांत केलं. बाहेर ट्राम चालली होती, तिची घंटा वाजत होती, ती वाजतच राहिली असं वाटलं.

कोंडीराम तिच्या कपाळाकडे बघत होता. कुंकू होतं ना. रोजचं, ठसठशीत.

तिने त्याची नजर पाहिली. मांडीवर फडकं होतं, मघाशी इंजिनच्या तेलाची काडी पुसलेलं. ते उचललं आणि कपाळावरून फिरवलं. एकदाच. कुंकू गेलं आणि त्या जागी काळं तेल फासलं गेलं, भुवईपर्यंत. मंगळसूत्र पदराखाली होतं, ते तिने काढलं नाही, दाखवलंही नाही. गुणाजी उठून बाहेर गेला.

कोंडीरामने माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का वो?"

मी 'हो' म्हणालो.

हेच लिहायचं होतं. दोन दिवस यासाठीच उठत होतो. तिने म्हटलं ते मला समजतं, तिला हक्क आहे. पण मी? तुझ्या पाठीवर बसून पोहायला शिकलो. तुझे जुने शर्ट घालून कॉलेजात गेलो. आणि 'हो' म्हणताना मी अडखळलोसुद्धा नाही. वर आणखी एक. ते म्हटल्यावर मला बरं वाटलं. खूप दिवस हातात धरलेली जड वस्तू खाली ठेवावी, तसं.

पण कोंडीराम दूधखुळा नाही. तो उठला. म्हणाला, "बाई, राग मानू नका. माझ्यासमोर कुकू पुसलंत. धाकटा भाऊ हो म्हनतो, पन तो पोरगा हाय. मी आईला इचारीन. आई पोराबद्दल असलं खोटं बोलत न्हाई. आई हो म्हनली, तर मला सही नको, दाखला नको, काय नको."

वहिनीचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. आईचा तिने विचारच केला नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, राहू द्या. सांगा त्यांना, गाडी नको." मी सांगायला वळलो, तर कोंडीराम स्टिअरिंगवर बसलेला. "चला. गिरगावात कुठं?"

त्याच पिकअपमधून आलो. पुढे तिघं, मागे गुणाजी आणि लाद्या.  वहिनीने कपाळ पुसायचा प्रयत्न केला, तेल आणखी पसरलं.

आई ओटीवर कोलंबी साफ करत बसली होती. संध्याकाळी खडखडलं करणार होती. तुझ्या आवडीचं, म्हणूनच बहुधा. तुझं पत्र आल्यापासून तुझ्याच आवडीचं करत होती, कोणाला काही न बोलता. कोंडीरामने चपला बाहेर काढल्या, हात जोडले.

"आई, परका मानूस हाय. एकच इचारतो आन् जातो. तुमचा थोरला मुलगा..."



आईने आधी वहिनीच्या कपाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, तेवढ्यावरून तिला सगळं कळलं असणार. तिच्या हातात अर्धी सोललेली कोलंबी होती. ती तिने पूर्ण सोलली. दोरा काढला. भांड्यात टाकली.

"गेला," ती म्हणाली.

"कधी?"

"तिकडेच. आम्हाला मागाहून कळलं."

आवाज अगदी साधा. दूधवाल्याला उद्या नको सांगावं, तसा. मग भिंतीला हात लावून उठली, गुडघे धरत. कोलंबीचं भांडं उचलून शेजारच्या मालनबाईंच्या दारात ठेवलं. "आमच्याकडे आता चालायची नाही," एवढंच सांगितलं. आणि मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. सकाळीच न्हाली होती. आम्ही बाहेर उभे, आतून तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज. ओल्या केसांनी बाहेर आली आणि मला म्हणाली,

"तू का उभा? तूही डोक्यावरून घे. भाऊ गेलाय तुझा."

मी देव मानत नाही. सुतक, श्राद्ध, सगळं बकवास आहे असं मी छापून आणलंय. मी मोरीत गेलो आणि डोक्यावर पाणी घेतलं. गार होतं. 

वहिनी तशीच दारात. आई तिच्यापाशी गेली, आपल्या ओल्या पदराने तिचं कपाळ पुसलं. तेल निघेपर्यंत पुसलं.  मला वाटत होतं आता दोघी रडतील. रडल्या नाहीत. आई म्हणाली, "गाडी कुठे लावणार? गल्लीत मुलं खेळतात."

जिन्यावर कोंडीरामने चावी माझ्या हातात दिली. खाली दोन पायऱ्या गेला, परत आला. हळूच म्हणाला, "भावसाहेब, तुमचा भाऊ जिता हाय. मला काय कळत न्हाई व्हय? पन आईनं सांगितलं. आता मेला तो." आणि गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या नव्हतं.

हे परवा झालं. घरात तेव्हापासून मासे नाहीत, दिवा लावून कोपऱ्यात ठेवलाय. मालनबाई आणि बाकीच्या बायका येऊन बसून जातात, आई त्यांना तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगते. खऱ्या गोष्टी. तू गणपतीत हरवला होतास ती, तू माझ्यासाठी मास्तरांचा मार खाल्लास ती. बायका रडतात. आई त्यांना पाणी देते. रात्री मी तिला विचारलं, "आई, हे नाटक किती दिवस?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा विचारणार नाही. नाटक मला वाटतंय. तिला वाटत नाहीये.

म्हणून सांगतो, मेमध्ये येऊ नकोस. कुठल्या दारात उभा राहशील? मालनबाई किंचाळतील. कोंडीराम गाडी परत नेईल, शिवाजी पार्कचं काम जाईल. आणि आई... आईने एकदा डोक्यावरून पाणी घेतलंय. तिला ते मागे घ्यायला लावू नकोस. तुझं घर तिकडे आहे, मुलगा चालतोय. त्याला सांभाळ. नाव काय ठेवलंत, ते तू लिहिलं नाहीस. कळवू नकोस.

उत्तरही पाठवू नकोस. पोस्टमन आपला जुनाच, सगळी चाळ ओळखतो, पाकिटावरचं अक्षरसुद्धा ओळखतो. काल भेटायला आला होता, टोपी काढून.

खाली वहिनी हॉर्न देतेय. कपाळ कोरं आहे, मला अजून बघवत नाही. लाद्या भरून झाल्या, गुणाजी मागे चढून बसलाय, उतरवायला आणखी दोन हात हवेत. पाकीट वाटेत पेटीत टाकतो, आईच्या नजरेस पडायला नको. आणखी एकदा हॉर्न. निघालो.

कै. मनमोहन यांचा धाकटा भाऊ,
शशिकांत