एकच चुकलेलं भाकीत

बरकतपुरा, हैदराबाद

प्रिय गौतम,

मेल सोडून कागदावर का लिहितेय, असं वाटेल तुला. माझा पासवर्ड प्रशांतला ठाऊक आहे. नवऱ्यापासून लपवण्यासारखं आजवर काही नव्हतं, आणि आता बदलला तर त्यालाच संशय येईल.

आपला सलाईनचा पंप चाचणीत पास झाला. दोन वर्षांपूर्वी, बोर्ड बनायच्याही आधी, नुसत्या आराखड्यावरून तू सांगितलं होतंस, की मोटरची वायर अँटेनासारखी वागेल आणि शेजारच्या हृदयाच्या मॉनिटरची रेघ बिघडवेल. कागदावरच ती वायर दोन बोटं सरकवा, म्हणालास. आम्ही तुझ्या रिपोर्टला पंचांग म्हणून हसलो. खरं सांगू, मला तुझाच संशय आला होता. आमच्या लग्नाला आला नाहीस आणि महिन्याभरात आमच्या कामात खोट काढलीस. म्हटलं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. तू नोकरी सोडून पुण्याला गेलास, तेव्हा मी अडवलंही नाही.

परवा सहज माझ्या वहीत उतरवलेले तुझे आकडे लॅबच्या आलेखाशेजारी ठेवले. विजेच्या गोंगाटाचे सगळे उंचवटे तू म्हणालास तिथेच, जवळजवळ तेवढेच. फक्त मोटरच्या वायरचा नाही. आठ ग्रह जागच्या जागी आणि शनी तेवढा गायब. चुकणारा माणूस असा एकाच जागी चुकत नाही. आधी लॅबवर संशय घेतला, मग जुळणी करणाऱ्या शिवराजवर. बिचाऱ्यानं आईची शपथ घेतली. शेवटी चाचणीला गेलेला पंपच उघडला. आतली प्लास्टिकची पट्टी कापून मोटरच्या वायरवर फेराइटचं कडं बसवलं होतं, वर काळी नळी. अशा कड्यानं गोंगाट दबतो, आणि ते घालणं काही पाप नाही. पण ते आराखड्यात नाही, पट्टी कापल्याशिवाय ते आत मावत नाही, आणि त्या प्लास्टिकचा साचा तर कधीच तयार झालाय. नवजात बाळांच्या वॉर्डात जाणाऱ्या दोनशे पंपांत ते नाही.

कडं नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलंय. दोन वेढे, आणि टोक काडीनं वितळवलेलं. आमच्या घरातल्या प्रत्येक वायरीला तशीच गाठ आहे. उत्पादन प्रशांतच बघतो. जेवताना मी एवढंच विचारलं, की साचा बदलायला किती दिवस लागतात. घास ताटात ठेवून म्हणाला, पास झाला ना, नक्को टेन्शन घेऊ. त्यानंतर चाचणीचा तो पंप कुठे आहे, हे त्यानं मला दोनदा विचारलंय.

महिनाअखेरीला माल निघेल. तो मला थांबवायचाय. नुसतं माझ्या शब्दावर कुणी थांबणार नाही, नवरा-बायकोचं भांडण म्हणतील. तुझा तारखेसकटचा मूळ रिपोर्ट हवा. कंपनीत प्रत असेल, असं समजू नकोस. तू गेलास त्या दिवशी रागानं मीच ती पुसली. इथे नको, विद्यानगरला आईच्या पत्त्यावर पाठव. मी आखलेली पहिलीच वस्तू अडकू नये म्हणून प्रशांतनं हे माझ्यासाठी केलंय, हे मला कळतं. म्हणूनच लवकर पाठव, मी विरघळायच्या आत.

तुझीच, पंचांगाला हसलेली,
त्रिवेणी