बरं आहे, असं म्हणू नकोस

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
शुक्रवार, ऑगस्ट २०१६

प्रिय काशिनाथ,

रोज फोनवर बोलणारा माणूस पत्र का लिहितोय म्हणून हसशील. हस. पण फोनवर आपण दोघंही फार शहाण्यासारखे वागतो. तू विचारतोस, "काय दीनानाथराव, तुमच्या वेलिंग्टनचा वारा काय म्हणतो?" मी म्हणतो, "टोपी मागतो." मग तू ऑकलंडच्या पावसाला दोन शिव्या हासडतोस, की झालं आपलं बोलणं. पत्रात माणसाला मध्येच तोडता येत नाही, तेवढ्यासाठी हा कागद.

पुढच्या गुरुवारी तुझी त्या काउन्सेलरबाईंकडे पहिली भेट आहे, असं तुझ्या निवेदितेनं सांगितलं. पोरगी रडकुंडीला आली होती. विभावरीवहिनींना जाऊन वर्ष होत आलं, बाबा खोलीचा पडदा उघडत नाहीत, जेवायला हाक मारली की आत्ताच खाल्लं म्हणतात, आणि जेवणाच्या टेबलावर आले तर नातवंडांना हसवून हसवून पुन्हा खोलीत जातात. काउन्सेलरचं नाव काढलं तर "मी काय खुळा झालोय का?" म्हणालास म्हणे. शेवटी तिच्या समाधानासाठी एकदा जायचं कबूल केलंस, पण वर हेही सुनावलंस, की "तासाभरात त्या बाईला हसवून परत येतो की नाही बघ." काश्या, हसवशील तू. त्याचीच मला धास्ती आहे.

तिथं काय होतं ते मला ठाऊक आहे. मार्चपासून मी जातोय. हे तुला सांगितलं नव्हतं, घराबाहेर कुणालाच सांगितलेलं नाही. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं तर मी फिजिओकडे जातो. माझा गुडघा उगाच बदनाम झाला आहे.

तुझ्या दुःखाला निदान नाव आहे. माझ्याकडे तेही नव्हतं. सुलेखा धडधाकट, मंडळाच्या भजनाला आणि लायब्ररीत पुढं असते. क्षितिज आणि सूनबाई अनुराधा जीव लावतात. श्रिया मला चहा आणून देते आणि मी मराठीत आभार मानले की "स्वीट ॲज, आजोबा" म्हणून, म्हणजे इथलं 'त्यात काय एवढं', पळते. कुणी गेलं नाही, कुणी भांडलं नाही. तरी गेल्या उन्हाळ्यापासून थकवा आला तो जाईना. चढणीवर येतो तसला नव्हे. सकाळी मोजे हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसायचो, तो बसूनच राहायचो. समोरच्या टेकडीवर पिवळी काटेरी झुडपं फुललेली असायची, आणि मला वाटायचं, इतकं फुलायची ह्यांना काय घाई. तुला आठवतं, भोरच्या शाळेत कवितेच्या तासाला बाक बडवून तू चाल धरायचास आणि आख्खा वर्ग नदीसारखा मागून यायचा? त्या कविता मी साठ वर्षं दाढी करताना म्हटल्या. त्या आपसूक बंद झाल्या. मला कळलंसुद्धा नाही. सुलेखाला कळलं. "हल्ली न्हाणीघरात तुमचा आवाज नसतो," म्हणाली, आणि मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, सगळं ठीक निघालं, आणि मग त्यांनी काउन्सेलरकडे जायची ही चिठ्ठी दिली.

पहिल्या दिवशी आम्ही वऱ्हाड घेऊन गेलो. मी, सुलेखा, रजा काढून क्षितिज, माझ्या साखरेच्या आणि ब्लडप्रेशरच्या रिपोर्टांची फाईल, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून चकल्यांचा डबा. रूथ नावाची बाई आहे, पन्नाशीची, केस पिकलेले, पायात लोकरीचे जाड मोजे. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून तिनं सगळ्यांशी हात मिळवले, फाईलकडे बघितलंही नाही आणि म्हणाली, आत फक्त दीनानाथ येतील. सुलेखा माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मला परदेशी पाठवताहेत. पन्नास वर्षांत डॉक्टरला माझं दुखणं मी कधी सांगितलंच नव्हतं रे. मी शर्ट वर करायचो, सांगायची ती.

आत दोन खुर्च्या, एक खिडकी, एक कुंडी. टेबल मध्ये नसतं, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. तू मांडीवर ठेव. पहिल्यांदा ती सांगते, की इथलं बोलणं इथंच राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मला इतरांना सांगावं लागेल, आणि तेही शक्यतो तुम्हाला विचारूनच. दुभाषी हवा का, हेही विचारतात. मी नको म्हटलं. दुभाषी आपल्यातलाच कुणी निघायचा आणि गणपतीत आरतीला शेजारी उभा राहायचा. माझं मोडकं इंग्रजी पुरतं. मोडक्या भाषेत सजवता येत नाही, हा फायदाच म्हणायचा.

मग तिनं विचारलं, "तुम्ही कसे आहात?" मी सांगितलं, मुलगा आयटीत आहे, सून फार्मसीत, नात हुशार, बायकोचे डोळे जरा अधू झालेत. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "आणि तुम्ही?" काशिनाथ, खरं सांगतो, मी पुन्हा सुनेच्या फार्मसीवर आलो. तोंडी परीक्षेला नेमका न वाचलेला धडा विचारावा तसं झालं.

सल्ल्याची वाट बघू नकोस. मी पहिले काही आठवडे पाठ ताठ करून बसलो होतो, आता बाई काय ते सांगतील, की पहाटे फिरा, दूध घ्या, नामस्मरण करा. काही सांगत नाही. विचारते, आणि गप्प बसते. तो गप्पपणा सुरुवातीला फार जाचतो. आपण गप्प बसलेल्या माणसाला लगेच चहा विचारणारी माणसं. मीही कुंडीची चौकशी केली, खिडकीबाहेरच्या पाखराचं नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, आणि पुन्हा गप्प. हळूहळू त्या शांततेत काहीतरी वर यायला लागतं, विहिरीत टाकलेल्या पोहऱ्यासारखं. कधी रडू येतं. कागदी रुमालांचा खोका खुर्चीजवळच असतो, घाईनं पुढं करत नाहीत. बाहेर पडल्यावर दमायला होतं. त्या दिवशी दुपारी काही ठरवू नकोस, नुसता पड.

आता मी जी माती खाल्ली ती सांगतो, कारण तू तीच खाणार.

दर भेटीत सुरुवातीला ती विचारायची, मागच्या आठवड्यापेक्षा कसं वाटतंय? मी म्हणायचो, पुष्कळ बरं. त्याच्या पुढच्या वेळी, आणखी बरं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे रे. एवढी शिकलेली बाई आपल्यासाठी वेळ काढून बसते, आपलं तुटकं इंग्रजी मन लावून ऐकते, आणि तिला तोंडावर सांगायचं, की बाई, काही फरक नाही? पाहुणचाराला गेल्यावर आमटीत मीठ नाही म्हणून कुणी सांगतं का? आपण आणखी एक वाटी मागून घेतो. मी तशा वाट्यांवर वाट्या मागून घेत होतो. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं की मलाच आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटायचं. जाताना चकल्याही द्यायचो. आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो.

मग मे महिन्यात एकदा ती म्हणाली, "दीनानाथ, तुमची प्रगती छान आहे, पुढची भेट शेवटची ठेवूया का?" मी म्हटलं, "वंडरफुल." टोपी घेतली, हात मिळवला, दारापर्यंत गेलो. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तो खाली दाबवेना. माझ्या सौजन्यानं मी मलाच तिथून हाकलून दिलं होतं, हे त्या मुठीशी उभं असताना कळलं. आता बाहेर पडलो, की सुलेखा विचारणार, झालं का बरं? आणि हो म्हणावं लागणार, आणि मग कायमचंच हो म्हणत राहावं लागणार.

मी वळलो आणि चक्क मराठीत म्हणालो, "बाई, मला बरं वाटत नाही हो." तिला एक अक्षर कळलं नसणार. तिनं खुर्ची दाखवली. मग जमेल तसं इंग्रजीत सांगितलं, की सकाळी जाग येते तेव्हा वाईट वाटतं, की आली का पुन्हा. रात्री झोपताना मनात असतं, आता उठायला लागलं नाही तर किती सुटल्यासारखं होईल. हे मी सुलेखाला सांगितलं नव्हतं, देवालाही सांगितलं नव्हतं.

मला वाटलं बाई दचकेल, फोन उचलेल. तिनं नुसती खुर्ची थोडी जवळ ओढली. सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते मनात ठरवलंय का? हाताशी काही आहे का? कुणाचा निरोप घेतलाय का, आपल्या वस्तू कुणाला वाटून टाकल्यात का? इतक्या साध्या आवाजात विचारलं, की मलाही साध्या आवाजात उत्तर देता आलं. वाटतं, पण ठरवलेलं काही नाही. मग ती म्हणाली, डॉक्टरांना कळवलं पाहिजे, आणि सुलेखाला कोण सांगणार, तुम्ही की आपण दोघं मिळून? सुलेखाला आत बोलावलं. ती ऐकून रडली नाही. म्हणाली, "मग एवढे दिवस मला काय परकी समजलात?" आणि माझी टोपी माझ्या हातातून काढून घेऊन आपल्या मांडीवर धरून बसली. निघताना रूथ मला म्हणाली, "इतके आठवडे तुम्ही माझी काळजी घेत होता, दीनानाथ. आता आपण तुमची घेऊ."

तेव्हापासून औषधाची एक गोळी आहे आणि दर आठवड्याची भेट आहे. मी खडखडीत बरा झालोय असं तुला लिहिणार नाही. अजून दमतो. मोज्यांपाशी अजून कधी कधी बसून राहतो, पण आता सुलेखा शेजारी येऊन बसते. परवा आंघोळीला असताना एक ओळ तोंडात आली. पुढची आठवली नाही, तिथंच सोडून दिली. रूथच्या प्रश्नाला हल्ली म्हणतो, "आज वाईट," किंवा "कालच्यासारखंच." तिचा चेहरा पडत नाही. एवढ्याची सवय व्हायला मला एवढं वय लागलं. पहिली बाई पटली नाही तर दुसरी मागता येते, तेही ऐकून ठेव. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आता ह्या पत्राचं कारण. काल तुझं पार्सल आलं. अनुराधानं मोठ्या हौसेनं उघडलं. आत वहिनींनी साठीला तुला दिलेलं घड्याळ, तुझा करडा कोट आणि ते हिरवं फाउंटन पेन, जे तू मला सही करायलासुद्धा कधी दिलं नाहीस. अनुराधा म्हणाली, "किती गोड, काकांनी भेट पाठवली." सुलेखा म्हणाली, "भाऊजी हे घड्याळ झोपतानासुद्धा काढत नाहीत." मी खाली बसलो. तुला फोन केला तर तू म्हणालास, "अरे, कपाट आवरत होतो," आणि खळखळून हसलास. ते हसणं मी ओळखतो काशिनाथ, मी ते रूथच्या खोलीत कित्येक आठवडे हसलो आहे. फोन ठेवल्याबरोबर मी निवेदितेला सगळं सांगितलं, तुला न विचारता. तिनं तुमच्या डॉक्टरांना कळवलंय, आज दुपारी ते तुला बोलावतील, आणि तोवर ती तुला एकटं सोडणार नाही. माझ्यावर रागव, हवं तेवढं रागव, पण डॉक्टरांपुढं हसू नकोस. हे पत्र माझ्या आधी पोचावं म्हणून क्षितिज पत्राचे फोटो निवेदितेला पाठवतोय, कारण समोर आलो की मी पुन्हा वाऱ्यापावसाचं बोलत बसेन. उद्या सकाळच्या विमानानं येतोय. गुरुवारपर्यंत तुझ्या खोलीत झोपेन, पडदा उघडणार नाही, कविता म्हण असं सांगणार नाही. गुरुवारी बाहेरच्या खुर्चीवर मी बसतो, आत तू एकटा जा, आणि त्या बाईनं विचारल्याबरोबर सांग, की बरं नाही. कोट सुलेखानं पिशवीत भरलाय, पेनही. घड्याळ माझ्या हातात घालून आणतोय. माझ्या मनगटाला ते फार सैल होतं रे. तुझ्या हातानं काढून घे.

उद्या तुझ्या दारात उभा राहणारा,
तुझाच
दीनानाथ